मांजर बाहेर सोडायचं का? पहिल्यांदाच मांजर पाळणाऱ्यांसाठी

चिंगी आमच्याकडे आली त्याला आता सहा वर्षं होतील. ती घराबाहेर पडत नाही हे कळल्यावर तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या होत्या, "अगं, मांजर म्हणजे काय पोपट आहे का, कोंडून ठेवायला?" त्यांचंही बरोबर होतं. त्या वाड्यात वाढलेल्या. मांजर कौलांवरून यायचं, दूध पिऊन कौलांवरूनच जायचं. ते 'आपलं' म्हणजे त्याची वाटी आपल्याकडे, इतकंच. माझ्या माहेरी, राजापूरजवळ, आजही तसंच आहे. आईचा बाळ्या बोका दुपारी कुठे असतो हे घरात कुणालाच सांगता यायचं नाही.

तर आमच्याकडे पुण्यातली चिंगी आत आणि कोकणातला बाळ्या बाहेर, असे दोन नियम आहेत. नवीन पिल्लू आणलेलं कुणी "बाहेर सोडू का?" असं विचारलं की मी मांजराबद्दल काही विचारतच नाही. तुमच्या दाराबाहेर काय आहे, ते विचारते.

आधी रात्री दहाला खाली उतरा

दिवसा नको, रात्रीच. मांजराची खरी वेळ संधिप्रकाशाची आणि रात्रीची, त्यामुळे ते ज्या जगात जाणार ते जग त्या वेळी पाहायला हवं. इमारतीला एक फेरी मारा आणि चार गोष्टी बघा.

मोठा रस्ता किती लांब आहे? दोन गल्ल्यांच्या आत असेल तर मांजर तिथपर्यंत पोहोचणार, असं धरूनच चाला. कुत्र्यांची टोळी कुठे बसते? एकटं कुत्रं मांजराला पळवून लावतं, चार-पाच मिळून फाडतात. गाड्या कशा लावल्यात? पावसाळ्यात आणि थंडीत मांजरं उबेला बॉनेटखाली, इंजिनाच्या कडेला जाऊन झोपतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायची सवय तुम्ही स्वतःला तर लावाच, शेजाऱ्यांनाही लावा.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कंपाउंडच्या भिंतीला लागून काळ्या प्लास्टिकच्या चपट्या पेट्या दिसतात का? ती उंदरांच्या विषाची ठाणी. मांजर पेटीत शिरत नाही, पण पेटीतलं खाऊन झिंगलेला उंदीर त्याला आयता सापडतो. ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि लक्षणं दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. तोवर आपण "आज जरा मलूल आहे" म्हणत बसतो. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून किंवा शीतून रक्त आलं, तर तडक दवाखाना. यावर के जीवनसत्त्वाचा उतारा आहे, मात्र तो वेळेत मिळायला हवा. गावाकडे, शेतात-बागेत पिठाच्या गोळीतून घालतात ते झिंक फॉस्फाइड याहून वाईट. ते काही तासांतच काम करतं आणि त्याला उतारा नाही.

या फेरीनंतर उत्तर बरंचसं समोर येतं. शहरात, वरच्या मजल्यावर, खाली कुत्री आणि पुढे रस्ता असेल तर मांजर आत. माझ्या मते इथे घासाघीस करायला जागाच नाही. बंगला आणि आवार असेल तर आवाराचा एक कोपरा जाळीने बंद करून तो मांजराला द्या. गावातलं कौलारू घर असेल तर कोंडून ठेवायचा विचारच सोडा. ते कौलं सरकवून जाईल. तिथे जाण्याच्या अटी आपण ठरवायच्या. त्याबद्दल पुढे लिहिते.

तीन कामं झाल्याशिवाय उंबरठा नाही

आत राहणारं असो की बाहेर जाणारं, ही तीन कामं दोघांनाही लागू.

लसी. ट्रायकॅट नावाने मिळणारी तीन रोगांवरची लस आठव्या आठवड्यापासून सुरू होते, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस आणि शेवटचा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास. त्यातला पॅनल्यूकोपेनियाचा भाग सर्वांत महत्त्वाचा. हा विषाणू पिल्लांना दोन दिवसांत संपवतो आणि वर्षभर जमिनीवर तग धरतो. तो चपलांना चिकटून घरात येतो, म्हणून 'आमचं तर बाहेरच जात नाही' ही सबब इथे चालत नाही. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. अनोळखी मांजराने चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या. हळद लावून बसू नका.

नसबंदी. भाटी (मादी मांजर) चार-पाच महिन्यांची होते न होते तोच माजावर येऊ शकते. गाभण काळ जेमतेम नऊ आठवड्यांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. "एकदा तरी आई होऊ दे बिचारीला" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते की त्या चार पिल्लांपैकी तुम्ही किती घेणार? मग विषय बदलतो. पिल्लं पोत्यात घालून बाजारात सोडून येण्याची जुनी रीत आहे, तिला कुणी गुन्हा म्हणत नाही. पण पाळलेल्या जनावराला उपाशी मरायला सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे. बोक्यांचंही करा. खच्ची केलेला बोका कमी भटकतो, कमी भांडतो आणि तुमच्या दारावर फवारे मारायचं बहुतेक थांबवतो. बोक्यांच्या भांडणात चावे बसतात आणि चाव्यातूनच एफआयव्ही पसरतो. माणसांच्या एचआयव्हीच्या जातीचा हा विषाणू आपल्याला होत नाही, मांजराला मात्र जन्मभर पुरतो.

ओळख. मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) बसवली तर उत्तमच, पण गल्लीत सापडलेलं मांजर घेऊन चिप वाचायला कुणी जात नाही. फोन नंबर लिहिलेला पट्टा खरा उपयोगी. तो ओढ बसली की सुटणाऱ्या बकलाचा घ्या. साधा पट्टा फांदीत अडकला की फास होतो.

आतल्या मांजराला काय द्यायचं

इथेच लोक कमी पडतात आणि मग "बिचारं खिडकीत बसून रडतं" म्हणून दार उघडतात. मांजराला बाहेरचं आकाश लागत नाही. त्याला उंची, शिकार, लपायची जागा आणि बघायला काहीतरी हलतं लागतं. चारही गोष्टी दोन खोल्यांत बसतात.

सुरुवात जाळीपासून. आमच्या गॅलरीला कबुतरजाळी होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. चिंगीला येऊन तिसरी रात्र. वॉशिंग मशीनचा पाइप जिथे बाहेर जातो त्या कोपऱ्यातून बारीक कुरतडल्यासारखा आवाज येत होता. टॉर्च मारला तर बाई मान वाकडी करून, दाढेखाली नायलॉनचा दोर धरून चघळत होत्या. तीन चौकडे तुटले होते आणि भोक लिंबाएवढं झालं होतं. तेवढं पुरतं. पिल्लाचं डोकं गेलं की धड मागोमाग जातंच. सकाळी जाळीवाल्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, कबुतर येणार नाही याची गॅरंटी दिलेली. मांजर जाणार नाही असं मी कुठं म्हणालो?" तोही बरोबरच होता म्हणा.

तेव्हा नायलॉन असेल तर खालच्या तीन फुटांत आतून स्टीलची वेल्डमेश बसवून घ्या. हुकांमधलं अंतर कमी ठेवा. कोपऱ्यात मूठ घालून ओढून बघा. मूठ गेली तर मांजर गेलं. सरकत्या खिडकीची डासांची जाळी म्हणजे जाळी नव्हे, पंज्याच्या दोन फटक्यांत ती चौकटीतून निघते. न्हाणीघराची झडपांची खिडकी आणि डक्ट मात्र विसरू नका. इमारतीच्या डक्टमध्ये पडलेलं मांजर काढायला अग्निशमन दलाला बोलावावं लागतं.

"मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायांवर उतरतं" हे ऐकलं असेल. याला आधार म्हणून न्यूयॉर्कच्या एका प्राणिरुग्णालयातल्या नोंदी सांगतात. १९८७ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात उंच इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं होती आणि उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली होती. पण जी जागीच मेली त्यांना दवाखान्यात कोण नेणार? ती या आकड्यात नाहीतच. शिवाय वाचलेल्यांच्याही छातीला, जबड्याला, पायांना मार होताच. पायांवर उतरणं वेगळं, पाय शाबूत राहणं वेगळं.

आता शिकार. काठीला बांधलेलं पीस, जुन्या ओढणीची पट्टी, काहीही चालेल. लपा, थांबा, सरपटवा, मग पळवा. सारखं तोंडासमोर नाचवलं तर मांजर कंटाळतं, कारण कुठलाही उंदीर मांजराच्या नाकासमोर नाचत नाही. शेवटी त्याला पकडू द्या. दहा मिनिटं खेळ, लगेच जेवण. खाल्लं की अंग चाटेल, चाटलं की झोपेल. हे रात्री आपल्या झोपायच्या आधी केलं तर पहाटे चारला तुमच्या पायाच्या बोटांची शिकार होणार नाही.

खेळ संपला की दोरा उचलून ठेवायचा. हे मी ठळक अक्षरांत लिहायला हवं होतं. राखीचा दोरा, गजऱ्याचा दोरा, सुईत ओवलेला दोरा: मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, एकदा अडकलं की त्याला थुंकता येत नाही, गिळावंच लागतं. दोरा आतड्यात ताणला गेला की आतडं चुण्या पडून कापलं जातं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच दवाखान्यात न्या.

उंचीसाठी मांजरांसाठी मिळणारं महागडं फळ्यांचं 'झाड' विकत घ्यायची गरज नाही. कपाटावर चादर टाका आणि तिथपर्यंत जायला स्टूल-टेबल-फळी अशी वाट करून द्या. चिंगीची जागा फ्रिजवर आहे. तिथून तिला स्वयंपाकघर, दार आणि समोरच्या एसीच्या डब्यावर बसणारं कबुतर, तिन्ही दिसतात. कबुतर आलं की दात वाजवत कटकट आवाज काढते. नव्या माणसाला वाटतं फिट आली, पण ते नेहमीचंच आहे. चघळायला गहू पेरून द्या, घटस्थापनेला पेरतो तसे. लिलीची फुलं असलेला पुष्पगुच्छ मात्र घरात आणू नका. लिलीचे नुसते परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

लिटरच्या, म्हणजे शी-शूच्या वाळूच्या, ट्रेचा हिशोब सोपा: मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. जेवणाच्या वाटीपासून लांब, वॉशिंग मशीनसारख्या धडधडणाऱ्या वस्तूपासूनही लांब. दिवसातून दोनदा शी उचला. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करायचं. गर्भाला धोका करणाऱ्या टॉक्सोप्लाज्मा या जंतूची बीजं शीतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, त्यामुळे रोज साफ होणाऱ्या ट्रेपासून धोका फार कमी. "मूल होणार, आता मांजर काढून टाका" असं सांगणाऱ्या नातेवाइकांना एवढं ऐकवा. ज्या मांजराला कच्चं मांस मिळत नाही आणि जे उंदीर खात नाही, त्याला हा जंतू मिळण्याचा रस्ताच जवळजवळ बंद असतो.

बाळ्याचे नियम

गावच्या बोक्याला दिवस मोकळा, रात्र घरात. आई दिवेलागणीला अंगणात येऊन स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवते. दिवसभर न दिसलेला बाळ्या कुठूनतरी, बहुतेक गोठ्याच्या पत्र्यावरून, उगवतो. सुक्या बांगड्याचा तुकडा आणि भात खाऊन झाला की मागचं दार लागतं ते सकाळपर्यंत. ही सवय पिल्लू असताना लागते. पहिले पंधरा दिवस दिवसाही बाहेर काढायचं नाही, ताटलीचा आवाज आणि जेवण यांची गाठ बसू द्यायची. नंतर बाहेर सोडायचं ते जेवणाच्या आधी, उपाशी पोटी. भरल्या पोटाचं मांजर परत यायची घाई करत नाही.

रात्र घरात का? रात्रीच बोके भांडतात, रात्रीच फुरसं आणि घोणस वाटेवर असतात आणि आमच्या बाजूला बिबट्याही येतो. भांडून आलेल्या बोक्याच्या अंगावरून हात फिरवा. चाव्याची जखम वरून एका दिवसात मिटते, आत दोन-तीन दिवसांत पू होतो. गाल किंवा शेपटीचं बूड सुजलं, ताप आला, तर ती गाठ डॉक्टरांनीच फोडायची. घरातली क्रोसिन अजिबात नको, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते. गोचिडांसाठी आणलेलं कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषधही नको. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात.

आता पक्ष्यांचं. मांजरवाले यावर बोलायला नाखूश असतात, मीही होते. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ मध्ये दीपगृह सुरू झालं, माणसांबरोबर मांजरं आली आणि तिथला न उडणारा चिमुकला पक्षी काही वर्षांतच पृथ्वीवरून गेला. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या शंभर सर्वांत त्रासदायक उपऱ्या प्रजातींच्या यादीत आपली मनीमाऊ आहे. ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरात १ जुलै २०२२ पासून जन्मलेल्या मांजरांना आवाराबाहेर मोकळं सोडायची परवानगी नाही. त्याच वर्षी जर्मनीतल्या वाल्डॉर्फमध्ये जिल्हा प्रशासनाने तुरेवाल्या चंडोलाच्या विणीच्या काळात मांजरं घरात ठेवायचा हुकूम काढला. इंग्लंडमध्ये मात्र मांजर बाहेर जाणं आजही रोजचंच आहे. तेव्हा जगभर एकमत आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आपल्या अंगणापुरतं बघायचं तर मार्च ते पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत जपायला हवं. बुलबुल कमरेएवढ्या उंचीवरही घरटं करतो आणि त्याची पिल्लं घरट्याबाहेर पडतात तेव्हा त्यांना नीट उडता येत नसतं. दोन-चार दिवस झुडपाखाली टुणटुणत असतात. तेवढे दिवस सकाळीही मांजर आत ठेवा. आई गेल्या वर्षी तेवढ्यासाठी बाळ्याला धान्याच्या खोलीत डांबायची आणि तो सूड म्हणून तांदळाच्या पोत्यावर मुतला. किंमत मोजावी लागते.

घंटेचं काय? मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हा प्रश्न सोडवून झाल्यावर कळतं की घंटेचा फारसा उपयोग होत नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घंटेने फरक पडला नाही. मांसाचं प्रमाण जास्त असलेल्या खाण्याने घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, रोज पाच-दहा मिनिटांच्या खेळाने २५ टक्क्यांनी, आणि पट्ट्यावर घातलेल्या भडक रंगी कापडी झालरीने पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी. झालर म्हणजे जुन्या काठाच्या साडीचा तुकडा. बाळ्याला घातली तर तो तमाशातल्या मावशीसारखा दिसतो, पण घालतो.

बाहेरची चटक लागलेलं मांजर आत आणताना

रस्त्यावरचं मोठं मांजर घरात घेतलंत तर पहिले तीन-चार आठवडे ओरडाआरडा होणार. आधी नसबंदी, कारण अर्धी ओरड माजाची असते. पहिला आठवडा एकाच खोलीत ठेवा, सोबत ट्रे, पाणी, लपायला खोकं. ट्रेमध्ये सुरुवातीला त्याच्या ओळखीची माती मिसळा. आणि पहाटे ओरडलं म्हणून एकदाही दार उघडू नका. नऊ दिवस खंबीर राहून दहाव्या दिवशी उघडलंत, तर त्याला कळतं की दहा दिवस ओरडायचं असतं.

हार्नेस (छाती-पोटाला बांधायचा पट्टा) घालून फिरवायचं असेल तर आधी आठवडाभर घरातच घाला. पहिल्यांदा घातल्यावर मांजर लकवा मारल्यासारखं आडवं पडतं, घाबरू नका. मग गच्चीवर, वर्दळ नसताना. चिंगीला गच्ची आवडली नाही. पाच मिनिटं पाण्याच्या टाकीखाली बसली आणि दाराकडे बघत राहिली, पुन्हा नेलं नाही.

निसटलंच तर

धावत रस्त्यावर जाऊ नका. घरातलं मांजर बाहेर पडलं की लांब पळत नाही, पहिल्या सापडलेल्या फटीत शिरून गप्प बसतं. नावाने हाक मारली तरी ओ देत नाही. २०१८ मधल्या एका अभ्यासात सापडलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश घरापासून ५०० मीटरच्या आतच होती. आधी स्वतःची इमारत: जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, गाड्यांखाली, वरच्या मजल्यावरच्या चपलांच्या रॅकमागे. शेजाऱ्यांना नुसतं "दिसलं का?" विचारू नका, त्यांची गॅलरी आणि बंद गोडाऊन स्वतः जाऊन बघा. मग मध्यरात्रीनंतर, सगळं शांत झाल्यावर, टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरून फिरा. दोन हिरवे ठिपके चमकतील. तेव्हा पुढे धावायचं नाही. जमिनीवर बसायचं, खाण्याचा डबा उघडायचा आणि ताटलीवर चमचा वाजवायचा.